परेड, जैसे थे!

मराठी माणूस महाराष्ट्राबाहेर गेला की आधी घर बघतो, मग गोडा मसाला कुठे मिळतो ते बघतो आणि बस्तान बसलं की मंडळ काढतो. रायपुरात तर आम्ही पिढ्यानपिढ्या आहोत. तात्यापारा, ब्राह्मणपारा, बूढापारा, कुठल्याही मराठी घरात चहाला बसा. दुसऱ्या घोटाला तुम्हाला कळतं, की यांचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आले. सगळ्यांचेच. आणि सगळे घोड्यावरून. बंगाल-नागपूर रेल्वेच्या कचेरीत कारकुनी करायला पत्र्याची ट्रंक घेऊन थर्ड क्लासनं आलेला एकही पूर्वज मला अजून भेटलेला नाही. रतनपूरला बिंबाजी भोसल्यांच्या पदरी खरोखर एवढं घोडदळ असतं, तर छत्तीसगडचं निम्मं शिवार चंदीतच संपलं असतं.

असं लढवय्यं रक्त अंगात असल्यावर माजी सैनिकांच्या सन्मानाची परेड काढायची कल्पना आमच्या कॉलनीतल्या छोट्याशा मंडळात कुणाला सुचली नसती तरच नवल. सुचली ती सेक्रेटरींना. सगळ्या कल्पना त्यांनाच सुचतात आणि सगळी वर्गणी आम्हाला.

खरं तर १४ जानेवारी ही तारीख आमच्याकडे आधीच गर्दीची. संक्रांत असते, हळदीकुंकू असतं आणि १७६१ चं पानिपत असतं. आमचे अध्यक्ष दर संक्रांतीला पानिपतावर बोलतात. विश्वासराव पडतात, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसतात आणि नेमक्या त्याच क्षणी मागच्या रांगेतल्या बायका वाणाच्या पिशव्या उचलून निघतात. इतक्या वर्षांत भाऊसाहेबांना घोड्यावर बसून पुढे काय केलं हे सांगायची संधी मिळालेली नाही.

त्यात सेक्रेटरींनी कुठेतरी वाचलं, की स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय लष्करप्रमुख करिअप्पा १४ जानेवारी १९५३ ला निवृत्त झाले आणि म्हणून हा दिवस तिन्ही दलांच्या माजी सैनिकांचा दिवस म्हणून साजरा होतो.

“मुंबईत तर मरीन ड्राइव्हवर माजी सैनिकांची परेड निघते,” सेक्रेटरी म्हणाले आणि थांबले. ते थांबले की समजावं, पुढचं वाक्य खर्चाचं आहे. “आणि मरीन ड्राइव्ह काय, आपल्याकडेही आहे!”

आहे, हे खरंच. रायपूरहून समुद्र बघायचा तर रात्रभर गाडीत बसून विशाखापट्टणम गाठावं लागतं. पण तेलीबांधा तलावाच्या काठी फरसबंदी झाली, दिवे लागले, उंच तिरंगा उभा राहिला, चाट आणि मोमोच्या गाड्या आल्या आणि जनतेनं कुणालाही न विचारता त्याचं नाव मरीन ड्राइव्ह ठेवलं. भरती-ओहोटीची उणीव संध्याकाळचं ट्रॅफिक भरून काढतं.

पहिल्याच बैठकीत स्वागत समिती झाली, सत्कार समिती झाली, अल्पोपहार समिती झाली, फ्लेक्स समिती झाली. स्वागत समिती आणि सत्कार समिती यांच्यात हार कुणी आणायचे यावरून मतभेद झाले, म्हणून समन्वय समिती झाली. दीड तासानं कोपऱ्यातल्या एका वहिनींनी विचारलं, “पण माजी सैनिक कोण आहेत आपल्यात?”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. त्या मुद्द्यावर समिती नव्हती.

मग व्हॉट्सअॅपवर निरोप सोडला आणि नावांची रांग लागली. एकाचे सासरे ‘मिलिटरीत’ होते. खोलात गेल्यावर कळलं, छावणीला दूध घालायचा ठेका त्यांच्याकडे होता. एक गृहस्थ एनडीएच्या परीक्षेत फक्त गणितात राहिले होते आणि राहिले नसते तर लेफ्टनंट जनरल म्हणून निवृत्त झाले असते, असं त्यांच्या पत्नीनं कळवलं. आणखी एकांना तरुणपणी भरतीच्या वेळी तळपाय सपाट म्हणून बाद केलं होतं. “देशानं नाकारलं, निदान तुम्ही तरी नाकारू नका,” म्हणताना त्यांचा गळा दाटून आला. त्यांना अल्पोपहार समितीत घेतलं. तिथे तळपायाची अट नव्हती.

गाळून गाळून तिघे उरले. सैन्यातले एक सुभेदार, हवाई दलातले एक सार्जंट आणि नौदलातले एक पेटी ऑफिसर.

“रायपूरचा माणूस नौदलात कसा हो?” मी पेटी ऑफिसरांना विचारलं.

“भरती झालो तेव्हा समुद्र बघितला नव्हता,” ते म्हणाले. “म्हणूनच झालो.”

या तिघांना कॉलनी ओळखत नव्हती, असं मुळीच नाही. ७ डिसेंबरचा ध्वजदिन १९४९ पासून चालत आलाय. त्या दिवशी दहाची नोट देऊन आम्ही शर्टाला स्टिकर लावून घेतो आणि पुढच्या धुण्यापर्यंत लावून ठेवतो. शिवाय ३१ डिसेंबर जवळ आला की ज्यांच्याकडे कॅन्टीन कार्ड आहे अशा शेजाऱ्यांविषयी कॉलनीत आदराचं वातावरण तयार होतं. एरवी सार्जंटकाकांच्या स्कूटरला वाट न देणारे लोक त्या आठवड्यात त्यांना गुडघेदुखीचं विचारतात, नातवंडांचं विचारतात आणि मग आवाज खाली आणून, “यंदा कोटा किती?” असंही विचारतात.

सुभेदारसाहेबांना निमंत्रण द्यायला आम्ही चौघे गेलो. वय अठ्ठ्याहत्तर. महार रेजिमेंट, सागरच्या सेंटरला घडलेले, १९७१ ला पश्चिम सीमेवर होते. सकाळचे सात वाजले होते आणि साहेब अंगणात स्टुलावर बसून बूट पॉलिश करत होते. कुठे जायचं नव्हतं त्यांना, सहज विचारून घेतलं. बुटाच्या टोकावर बोटाला गुंडाळलेल्या फडक्यानं छोटी छोटी वर्तुळं, मध्येच पाण्याचा एक थेंब, पुन्हा वर्तुळं. आम्ही उभे होतो तेवढ्या वेळात त्यांचा एकच बूट झाला. त्या टोकात मला माझा चेहरा दिसला. दाढी करून यायला हवं होतं, हेही दिसलं.

आत गेलो. कूलरवर शाल, मिक्सरवर शाल, शिलाई मशीनवर शाल.

“सत्काराच्या,” काकू म्हणाल्या. “गॅसची टाकी तेवढी उघडी राहिलीय. तुम्ही कशासाठी आलात?”

सेक्रेटरींनी हातातली पिशवी पाठीमागे घेतली.

“काका, आमची इच्छा आहे की आपला सन्मान व्हावा.”

“पुन्हा?” सुभेदार म्हणाले. “नोव्हेंबरात मी सरकारला लिहून देतो की जिवंत आहे, म्हणून पेन्शन द्या. जानेवारीत तुम्ही खात्री करून घ्या. बसा. चहा घ्या.”

फ्लेक्स समितीनं युद्धाचा एखादा थरारक अनुभव तीन मिनिटांत मागितला होता, तोही विचारला. साहेबांनी बराच विचार केला. “थंडी फार होती,” ते म्हणाले. “आणि चहा यायचा तो गार.” मग भिंतीवरच्या चौकटीकडे बोट केलं. काचेमागे पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल. “थरारक म्हणाल तर हे ब्रासोनं घासायला नातवानं एकदा बाहेर काढलं होतं आणि खेळायला घेऊन गेला होता. दीड दिवस मिळत नव्हतं.”

फ्लेक्स समितीनं यातलं काहीच लिहून घेतलं नाही.

“आपण सजवलेल्या उघड्या जीपमध्ये बसायचं,” सेक्रेटरींनी समजावलं. “आम्ही नागरिक पुढे मार्च करत जाऊ. मानवंदना.”

सुभेदारांनी पहिल्यांदाच आम्हा चौघांकडे नीट बघितलं. चपलांपासून सुरुवात करून वर. माझ्या पोटाशी नजर जरा रेंगाळली.

“मार्च कोण करणार?”

“आम्ही.”

“आणि मी बघणार?”

“हो.”

“बरं,” ते म्हणाले आणि काकूंकडे बघून मिशीत हसले. “येतो.”

त्या हसण्याचा अर्थ लावायला तेव्हा समिती नव्हती.

सराव सेक्रेटरींनी हातात घेतला. त्यांच्याकडे एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट आहे. ते घरात देवघराच्या वर टांगलेलं आहे आणि बोलण्यात कुठेही टांगता येतं. एनसीसीत तसा मीही होतो. परेडनंतर समोसा मिळायचा, त्यासाठी. समोसा बंद होऊन केळी सुरू झाली आणि माझी देशसेवा आटोपली.

“तेज चलमध्ये मिनिटाला १२० पावलं,” सेक्रेटरींनी मोबाइलमध्ये बघून सांगितलं. “आणि प्रत्येक पाऊल ३० इंचांचं.” माझ्या गुडघ्यांनी आकडे ऐकले आणि तिथेच रजेचा अर्ज टाकला.

माणूस चालतो ही गोष्ट किती अवघड आहे, हे त्या पहाटे कळलं. जन्मल्यापासून आपण डाव्या पायाबरोबर उजवा हात हलवत आलेलो असतो. त्यासाठी कधी कुणी बैठक घेतली नाही. पण ‘तेज चल’ असा हुकूम झाला आणि डोक्यानं एकदा हातापायांच्या कारभारात लक्ष घातलं, की डावा हात डाव्या पायाबरोबर, उजवा उजव्याबरोबर. माझ्या शेजारचे बँक मॅनेजर अख्खी शाखा चालवतात, पण स्वतःला चालवणं त्यांना जमेना. “एक-दो-एक, एक-दो-एक,” सेक्रेटरी ओरडायचे. ज्यांना ‘दो’ला कुठला पाय टाकायचा हे समजत नव्हतं ते फक्त ‘एक’ला पाय टाकायचे आणि ‘दो’ला आजूबाजूला बघायचे.

‘दाहिने मुड’ म्हटल्यावर निम्मं पथक डावीकडे वळायचं. असाच एकदा मी वळलो तर समोर नाकाला नाक लावून आमचे विमा एजंट. हुकूम सावधानचा होता, दोघांनाही हलता येत नव्हतं. तेवढ्यात त्यांनी मला मेडिक्लेम सांगितला. ‘थम’ची तऱ्हा आणखी निराळी. पहिली रांग थांबायची, दुसरी पहिलीवर आदळायची, तिसरी दुसरीवर, आणि आऊटरला उभ्या राहणाऱ्या मालगाडीच्या डब्यांतून जातो तसा तो धक्का धाडधाड करत शेवटच्या रांगेतल्या माझ्यापर्यंत पोचायचा.

घरी आलो की बायको विचारायची, “आज किती चाललात?”

“चाललो नाही. कदमताल केला. म्हणजे जागच्या जागी.”

“ते तर तुम्ही लग्नापासून करताय.”

इकडे परवानगीसाठी सेक्रेटरी एका कार्यालयात गेले. तिथल्या बाबूंनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि छापील फॉर्म पुढे सरकवला. “यामध्ये जुलूस आहे, रैली आहे, शोभायात्रा आहे, बारात आहे. तुमचं कशात घालू?” सेक्रेटरी म्हणाले, परेड. बाबू म्हणाले, परेडचा रकाना नाही; परेड म्हणजे २६ जानेवारी, ती दिल्लीतून ठरते. शेवटी आमची शोभायात्रा झाली. त्यात मूर्ती किती फूट उंच, असा एक प्रश्न होता. सेक्रेटरींनी सुभेदारांची उंची लिहिली.

फ्लेक्स आला. वरच्या अर्ध्या भागात अध्यक्ष, सेक्रेटरी आणि पाच समित्यांच्या प्रमुखांचे हात जोडलेले फोटो. खालच्या अर्ध्या भागात प्रमुख पाहुणे. उरलेल्या पट्टीत टेकडीवर झेंडा रोवणारे सैनिक, छापणाऱ्यानं इंटरनेटवरून घेतलेले. पेटी ऑफिसर सहज तिथून चालले होते, ते थबकले.

“हे आपले नाहीत.”

“कुणाचे आहेत?”

“अमेरिकेचे. हेल्मेट बघा की.”

नवीन फ्लेक्सला पैसे नव्हते. झेंडा तेवढा रंगवून तिरंगा केला होता, त्यामुळे देशभक्तीला बाधा येत नव्हती. उरलेल्या सैनिकांवर तिळगुळाच्या वाटीचं चित्र चिकटवलं. जागा तरीही उरली, तिथे फ्लेक्स समितीच्या उपप्रमुखांचा फोटो बसला. ते पहिल्या दिवसापासून नाराज होते.

राहिला बँड. पितळी बँडवाल्यानं सांगितलेला आकडा ऐकून खजिनदारांनी पाणी मागितलं. मग कुणाला तरी आठवलं, की सध्या खरमास चालू आहे. संक्रांत लागेपर्यंत लग्नं बंद, म्हणजे रायपूरचे धुमालवाले घरी बसून आहेत. ज्यांनी रायपूरचं धुमाल ऐकलेलं नाही त्यांना ते सांगून समजणार नाही. ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगितलेलं ऐकू येणार नाही. ताशे, ढोल, झांजा, की-बोर्ड आणि एका गाडीवर रचलेली कर्ण्यांची भिंत. धुमाल पथकाच्या उस्तादांना आम्ही बजावलं, की मिनिटाला १२० पावलं, सरळ ठेका, लेफ्ट-राइट. “टेन्शन झन ले भैया,” ते म्हणाले, “बने बजाबो.” चांगलं वाजवू. ते चांगलं वाजवणार याचीच मला भीती होती.

२०२५ ची संक्रांत उजाडली. तलावावर धुकं आणि हाडं गोठवणारी हवा. वेळ साडेसहाची. तिघे माजी सैनिक सव्वासहाला हजर होते. ब्लेझर, टोप्या, छातीवर मेडल्स, आरशासारखे बूट. पावणेसातला मी पोचलो तेव्हा ते तिघेच तिथे होते आणि स्वागत समितीची वाट बघत सतरंजी अंथरत होते. सात वाजता सेक्रेटरी आले. सव्वासातला हार आले, समिती साडेसातला. प्रमुख पाहुणे ‘निघाले आहेत’ अशी बातमी दर दहा मिनिटांनी येत होती. घरातून की अंथरुणातून, ते कुणी सांगत नव्हतं.

जीप आली. लग्नाचीच होती. झेंडूच्या माळा होत्या, पण मागे थर्मोकोलची दोन हृदयं तशीच राहिली होती. ती काढायला गेलो तर रंगासकट निघायला लागली, तेव्हा मालकानं हात धरला. तिघे मुकाट्यानं चढले. सुभेदार पुढे, सार्जंट आणि पेटी ऑफिसर मागे, एकेका हृदयाच्या वर.

आमच्या नागरिक पथकाचा गणवेश म्हणजे पांढरी पँट, पांढरा शर्ट, कॅनव्हासचे बूट आणि गोलबाजारातून आणलेल्या टोप्या. टोप्या शाळेतल्या स्काऊटच्या मापाच्या होत्या. त्या डोक्यात जात नव्हत्या, डोक्यावर राहत होत्या, त्यामुळे मान हलवता येत नव्हती. शिस्तीला ते पोषकच होतं.

निघण्यापूर्वी महिला समितीनं तिळगूळ वाटला. यंदा पाक जरा पुढे गेला होता. माझी वडी मी गालात ठेवली. सेक्रेटरींनी दोन वड्या एकदम तोंडात टाकल्या. त्यांनी डिसेंबरातच नवी कवळी बसवून घेतलीय, ही गोष्ट त्या क्षणी कुणाच्या ध्यानात नव्हती.

“परेड, तेज चल!” इतपत त्यांनी नीट म्हटलं.

आणि धुमाल सुरू झालं.

पहिली वीस पावलं ठेका सरळ होता. मग उस्तादांच्या हातांना सवय आठवली. ताशा कडाडला, की-बोर्डवर लग्नातलं गाणं उमटलं आणि आमचे खांदे आपोआप उडायला लागले. रायपूरच्या माणसाला धुमालच्या तालावर मार्च करायला लावणं हा अत्याचार आहे. बँक मॅनेजरांचे हातपाय मात्र पहिल्यांदाच जुळले. ते सुरेख नाचत होते. सकाळी फिरायला आलेले लोक कडेला उभे राहिले. “काकर बरात आय गा?” एकानं विचारलं. दुसऱ्यानं जीपकडे बघून सांगितलं, “तीन दूल्हा हें.” एक उत्साही गृहस्थ पुढे आले, त्यांनी दहाची नोट सार्जंटकाकांवरून ओवाळून ताशेवाल्याला दिली. सार्जंटकाकांनी सॅल्यूट केला. दुसरं काय करणार? आदल्याच दिवशी पौष पौर्णिमेचं छेरछेरा झालं होतं. दारोदार धान मागून आलेली पोरं पिशव्यांसकट मोकळीच होती. तिळगुळाचा डबा बघून तीही मागे लागली. आता आमच्या परेडमध्ये नागरिक कमी आणि पोरं जास्त होती, आणि पावलं पोरांचीच नीट पडत होती.

व्यासपीठ आलं. अध्यक्ष सॅल्यूटसाठी हात कपाळाला लावून उभे होते. इथे ‘दाहिने देख’ आणि पुढे दहा पावलांवर ‘थम’. सेक्रेटरींनी छाती भरून घेतली, तोंड उघडायला गेले आणि उघडेना. वरचा दात खालच्या दाताला, कवळी गुळाला आणि गूळ सगळ्यांना.

“म्म्मम्म!” सेक्रेटरी म्हणाले.

हा हुकूम सरावात झालेला नव्हता. आम्ही चालत राहिलो. व्यासपीठ मागे पडलं, अध्यक्षांचा हात कपाळालाच राहिला. चाट गेलं, मोमो गेले, नारळपाणी गेलं. सेक्रेटरी दोन्ही हातांनी खुणा करत होते आणि त्यामुळे धुमालवाल्यांना आणखी चेव येत होता. हुकमाशिवाय थांबणं शिस्तीत बसत नाही, आणि हुकूम तर गुळात अडकला होता. समोर जीई रोडचं ट्रॅफिक दिसायला लागलं. हायवेवरून आम्ही कुठल्या दिशेला जाणार, एवढाच प्रश्न उरला होता. माझी पसंती भिलाईला होती, तिकडे चुलतभाऊ राहतो.

आणि तेव्हा मागून आवाज आला.

“परेऽऽऽड… थम!”

मी आयुष्यात पुष्कळ आवाज ऐकलेत, पण हा कानांनी ऐकायचा नव्हताच. तो थेट टाचेत गेला. आम्ही थांबलो. एकही डबा दुसऱ्यावर आदळला नाही. धुमाल थांबलं, झांज हवेत अडकून राहिली. फिरायला आलेले थांबले. कढईत झारा घातलेला जलेबीवाला थांबला. एक ई-रिक्षा थांबली आणि तिच्यातली सवारी सावधान बसली. शंका यावी इतकी शांतता झाली.

सुभेदारसाहेब जीपमधून उतरले. काकूंनी “अहो, गुडघे,” म्हटलेलं स्पष्ट ऐकू आलं, त्यांनाही आलं असावं. रांगेच्या कडेनं ते सावकाश चालत आले. एकाची टोपी सरळ केली, एकाची हनुवटी वर उचलली. माझ्यापाशी थांबले.

“गालात काय आहे?”

“तिळगूळ, सर.”

“गिळा.”

गिळला. तो कसा गेला, हे मी सांगणार नाही.

मग साहेब समोर जाऊन उभे राहिले, अठ्ठ्याहत्तर वर्षांची पाठ ताठ झाली आणि हुकूम सुटला, “परेड, जैसे थे! पीछे मुड!” म्हणजे पहिल्यापासून. अख्खी शोभायात्रा मूळ जागी नेली गेली. सार्जंटकाकांनी उजवी बाजू घेतली, पेटी ऑफिसरांनी डावी. धुमालच्या उस्तादांना साहेबांनी फक्त एक ढोल आणि एक काठी ठेवायला सांगितली. “एवढंच वाजवायचं. धम्म. धम्म. जमेल?” उस्तादांचा चेहरा पडला, पण जमलं.

पुढचा तास आमच्या मंडळाच्या इतिहासात नोंदवण्यासारखा गेला. अध्यक्षांना व्यासपीठावरून खाली बोलावून दुसऱ्या रांगेत उभं केलं. “कपाळावरचा हात खाली घ्या, सॅल्यूट संपला.” पाचही समित्यांचे प्रमुख एका ओळीत, फ्लेक्सवर होते त्याच क्रमानं. साडेआठला प्रमुख पाहुणे गाडीतून उतरले, हार घेण्यासाठी मान पुढे केली. साहेबांनी घड्याळ बघितलं. “उशीर झाला. तिसरी रांग, डावीकडून चौथे.” गेले बिचारे. त्यांच्या अंगरक्षकालाच तेवढं नीट चालता येत होतं, त्याला त्यांनी राइट मार्कर केलं. सपाट तळव्यांचे गृहस्थ अल्पोपहाराचं टेबल सोडून हळूच शेवटच्या रांगेत शिरले. साहेबांनी बघितलं आणि काही बोलले नाहीत. डाव्या हातानं डावा पाय धरून ठेवावा असं ज्याला त्याला वाटत होतं, पण तासाभरात नव्वद टक्के लोकांचे हात आणि पाय आपापल्या जागी आले. उरलेल्या दहा टक्क्यांत सेक्रेटरी आणि मी. सेक्रेटरींच्या बाबतीत एवढंच, की ते बोलू शकत नसल्यामुळे कार्यक्रम वेळेत पुढे सरकत होता.

शेवटी परेड व्यासपीठासमोरून गेली, ‘दाहिने देख’ झालं, ‘थम’ झालं. व्यासपीठावर मानवंदना घ्यायला कुणीच नव्हतं, कारण सगळे परेडमध्ये होते. काकू एकट्या वर खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली, तीच मानवंदना स्वीकारली असं धरलं.

सत्कार झाला नाही. शालींनी आम्ही घाम पुसला. भाषणही झालं नाही. अध्यक्षांच्या घशातून आवाज फुटत नव्हता, भाऊसाहेब यंदा हत्तीवरच राहिले. पोहे-जलेबी खाताना मी सुभेदारसाहेबांना विचारलं, “काका, त्रास झाला ना आमच्यामुळे?”

“रिटायर झाल्यापासून इतकं कुणावर ओरडलो नव्हतो,” ते म्हणाले. “घरात कोण ऐकतं?” आणि दुसरी प्लेट मागितली.

तेव्हापासून दर रविवारी सराव आहे. मंडळानं तसा ठराव केलेला नाही, बंद करायचा ठराव मांडायची कुणाची हिंमतही झालेली नाही. सेक्रेटरी साहेबांना भेटून हळूच म्हणाले होते, की पुढच्या १४ जानेवारीला फार तर आठ दिवसांचा सराव पुरे. साहेबांनी त्यांना तिथल्या तिथे कदमताल लावला.

तेव्हा मंडळी, रायपुरात असाल, मराठी असाल-नसाल, पूर्वज घोड्यावरून आलेले असोत की रेल्वेनं, पुढच्या परेडला माणसं हवी आहेत. तेलीबांध्याला तिरंग्याखाली, रविवारी सकाळी साडेसहा, म्हणजे सव्वासहा. उशिरा येणाऱ्याला तलावाची एक फेरी जादा आहे, प्रमुख पाहुण्यांनाही. बूट स्वतःचे आणि पॉलिश केलेले आणा. हार, शाली, फ्लेक्स काही नको. तिळगूळ परेड झाल्यावर मिळेल.